पाव्हण्यानं भांडं पुसून खाल्लं

आमच्या घरी अंबाडीची भाजी दोन चुलींवर दोन तऱ्हांची व्हायची, तिथूनच सुरुवात करते. मायच्या चुलीवरची आपली नेहमीची, कण्या घालून घोटलेली, वरून लसणाची फोडणी. मोठमायच्या चुलीवरची पाण्यासारखी पातळ, त्यात वाळलेले झिंगे आणि हिरवी मिरची, तेलाचा थेंब नाही. पण तिचा आंबट वास असा सुटायचा की सपरीत, पुढच्या पडवीत, बसलेला माणूस बोलता बोलता थांबायचा. मी दोन्हीकडे जेवायची. माय म्हणायची, "दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हणतेत, हे पोट्टी तं दोन्हीकडून फुगून राहिली."

मोठमाय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची, मोठेबाबांची बायको. मोठेबाबा तरुणपणी आसगाव सोडून एका सागवानाच्या ठेकेदारासोबत बर्मात गेले होते. झाडीतला, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातला माणूस, उभं झाड बघून आतलं लाकूड ओळखणारा. तेवढ्या हुन्नरावर तिकडे मौलमीन नावाच्या गावात त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. मग तिकडचं सरकार बदललं, हिंदुस्थानी लोकांना निघा म्हणाले, तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि एक बायको घेऊन ते परत आले. मी सहा-सात वर्षांची असेन. बैलगाडीतून उतरलेली ती बाई मला अजून दिसते. लहानखुरी, गोल तोंडाची, कमरेला लुंगीसारखं वस्त्र गुंडाळलेलं, अंबाड्यात फूल. सगळं गाव बघायला जमलं होतं. ती कोणाकडे बघत नव्हती. तिची नजर गेली घरामागच्या सांदवाडीत, तिथे भाजीच्या वाफ्यात अंबाडी उभी होती. ती सरळ चालत गेली, एक पान तोडलं, चावलं, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "आंबट लागलं वाटते बाईले."

तिकडे समुद्राकाठी तिच्या आईच्या दारातही हीच भाजी होती, हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली. तोवर तिला मराठी येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण ते फक्त मलाच समजायचं. लहान पोरांचा कान कच्चा असतो, त्यात काहीही मुरतं. ती अर्धं हिंदी, अर्धं आमचं झाडीचं बोलायची, आणि घरात कोणाला काही कळलं नाही की माय मला हाक मारायची, "ये वो, जाऊबाई काय म्हणून राहिली पाय." मी सांगेन ते घरात खरं मानलं जायचं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिचं नाव मि चान. घरात आल्यावर चंद्रभागा ठेवलं. गावात ती बर्मावाली. या तिन्हींतलं तिला एकच खटकायचं, शेवटचं. "मी बर्मावाली नाई," ती म्हणायची. "मी मोन." बाबा म्हणायचे, अवो पण बर्मातूनच आली ना वहिनी? तिचं उत्तर ठरलेलं असायचं. आधी आमचं राज्य होतं, आमच्याकडून बर्मी लोक लिहायला शिकले, आमच्याकडून त्यांनी बुद्ध घेतला, मग आमचं राज्यच घेतलं, आता आमच्या पोरांना शाळेत आमची अक्षरं शिकवू देत नाहीत. हे सगळं ती तांदूळ निवडता निवडता सांगायची, आवाज न चढवता, जसं कोणी सांगावं की आमच्या आंब्याला यंदा मोहर नाही. वर्षातून एकदा तालुक्याच्या कचेरीत तिची नोंद करायला जावं लागायचं, परदेशी बाई म्हणून. तिथला कारकून 'बर्मी' लिहायचा. ती म्हणायची, बर्मी नाही, मोन लिहा. तो सगळे कागद चाळून म्हणायचा, बाई, या नावाचा देश माझ्याकडे नाही. भला माणूस होता, दरवर्षी चाळून बघायचा मात्र. परतीच्या बसमध्ये मोठेबाबा तिला समजवायचे. "आमाले नागपूरचे लोक झाडपे म्हणतेत, आमी काय मरून गेलो?" यावर ती म्हणायची, तुमच्या पोरांना क ख लिहिल्याबद्दल कोणी मारत नाही ना.

क ख वरून आठवलं. मी चौथीनंतर शाळा सोडली, म्हणजे सोडवली गेली. पाचवीला दुसऱ्या गावी पायी जावं लागायचं. मोठमाय लग्नाआधी तिच्या गावच्या मठात उन्हाळ्यात पोरींना अक्षरं शिकवायची. हात शिवशिवत असावेत तिचे. दुपारी चूल निवली की ती ताटात राख पसरायची आणि बोटानं गोल गोल काढायची. त्यांची अक्षरं सगळी गोलच, रांगोळीचे ठिपके जोडल्यासारखी. क, ख, के, खे, ङे. मी म्हणाली, हे तं आमच्यासारखंच. ती हसली. तिची अक्षरं माझ्या अक्षरांच्याच रांगेत उभी होती, फक्त दागिने वेगळे. मग मी तिला आपली शिकवायला लागली. तिला शिकवायचं म्हणून मी बाजारातून आलेल्या पुडीचा कागदही वाचून बघायची. आज मी हे जे काही लिहिते आहे, ते त्या राखेच्या ताटातलं शिक्षण. माझ्या सुनेला वाटतं सासूबाई कुठे शिकल्या असतील. चुलीपाशी शिकली, दुसरं काय.

थंडीत आमच्या तलावावर चकवे यायचे. चकवा-चकवी, ती विटकरी रंगाची मोठी बदकं, नेहमी जोडीनं. दिवाळी झाली की उतरायची आणि उन्हं तापली की जायची. मोठमाय रोज संध्याकाळी मला घेऊन तलावाच्या पाळीवर जायची आणि त्यांच्याकडे बघत उभी राहायची. पेटीच्या तळाशी तिचं एक लाल वस्त्र होतं, हातमागाचं, त्याच्या काठावर तेच पाखरू पिवळ्या दोऱ्यानं काढलेलं. मोन लोकांच्या झेंड्यावर तेच असतं म्हणायची. तिची गोष्ट अशी की फार पूर्वी तिकडे सगळा समुद्र होता. त्यातून सुपाएवढी जमीन वर आली. एक जोडी उडत उडत आली, थकलेली. जागा एकालाच पुरेल एवढी. मग नर बसला आणि मादी त्याच्या पाठीवर बसली. तिथे त्यांचं राज्य झालं. मी तिला आमची गोष्ट सांगितली, की यांना शाप आहे, रात्र झाली की चकवा एका काठावर आणि चकवी दुसऱ्या, रात्रभर एकमेकांना हाका मारतात, सकाळी भेटतात. तिनं पाण्यातल्या जोडीकडे बोट केलं. मग म्हणाली, "तुमचे लोक खराब. एवढा मोठा तलाव, आन् दूर बसवलं. आमच्याकडं जागा नाई, तरी जवळ बसवलं."

ती आल्यापासून आमच्या घरात कोणी चकव्याला हात लावला नाही. तशीही गावात जोडीतलं पाखरू मारायची रीत नव्हती. बाकी बदकं, पाणकोंबड्या खायचे लोक, आम्ही काही माळकरी नव्हतो.

पाव्हणा आला तो माघात. मी चौदा संपवून पंधराव्यात होती, स्थळं बघायला सुरुवात झाली होती. दुपारची वेळ, माय लाखोळीची डाळ भरडत होती, आणि दारात एक उंच, वाळलेला माणूस खांद्याला झोळी लावून उभा. त्यानं काही विचारलं नाही, नुसतं आत बघत होता. मोठमाय पाण्यानं भरलेला गुंड कमरेवर घेऊन मागून आली. तिनं गुंड खाली ठेवला, हळूच, एक थेंब न सांडता, आणि त्याच्या पायाशी बसली. तिचा भाऊ. ब्लाय त्याचं नाव, आम्ही पोरं त्याला ब्लायमामा म्हणायला लागलो. तो थायलंडच्या लोकांसोबत बोधगयेच्या यात्रेला आला होता. कागद थायलंडचा. पण तो तिथला नव्हता, बर्मातलाही राहिला नव्हता. दोन्ही देशांच्या मधल्या जंगलात त्यांची माणसं बंदुका घेऊन होती, तो त्यांच्यातला. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. थायलंडमध्येही मोन लोकांची जुनी गावं होती, ती यांना तांदूळ, कापड द्यायची, पण पोरं द्यायची नाहीत, असं मोठेबाबांनी नंतर सांगितलं.

मी त्याला घाबरून होती, बंदूकवाला म्हणून. पण तो दिवसभर सपरीत भिंतीला टेकून बसायचा आणि दुपारी त्याला थंडी वाजून यायची. हिवतापाचा माणूस आम्ही झाडीतले लोक लांबून ओळखतो. माय त्याला काढा द्यायची. त्याचं वय मोठमायपेक्षा कमी, पण दिसायला तो तिचा बाप वाटायचा. बाबांना त्याच्याशी बोलायची फार हौस. आमच्याकडे तेव्हा भिंतींवर वेगळ्या विदर्भाच्या घोषणा लिहिलेल्या असायच्या, बाबा दोन-तीन मोर्च्यांना जाऊन आलेले. त्यांनी एके दिवशी आपल्या बाजारी हिंदीत विचारलं, की तुमारा राज्य होगा क्या? ब्लायमामाने सुपारी चघळत उलटं विचारलं, "आपका हुआ?" बाबा म्हणाले, नहीं. "कोई मारता है?" नहीं, मारता कोण? "तो अच्छा है," तो म्हणाला. "धीरे-धीरे माँगो." मोठेबाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर घरात कोणी काही मागितलं की बाबाच म्हणायचे, धीरे-धीरे माँगो.

त्यानं झोळीतून बहिणीसाठी वाळलेली मासळी आणली होती, आणि एक पुस्तक. पातळसं, पोरांचं, अक्षरं शिकायचं, सीमेच्या पलीकडे थायलंडमध्ये छापलेलं. मोठमाय ते पुस्तक हातात घेऊन हुंगत होती. मी बाजूला बसून अक्षरं वाचली, क, ख, के, खे. ब्लायमामा चमकून माझ्याकडे बघायला लागला. मग बहिणीला काहीतरी म्हणाला. ती मान खाली घालून बसली. त्या दिवशी मला फार मोठेपणा वाटला. आता वाटतं, तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं. कारण त्याला कळलं की तिचा हात अजून चालतो आहे.

तो तिला न्यायला आला होता. जंगलात त्यांनी बांबूच्या शाळा उभ्या केल्या होत्या, पुस्तक होतं, पोरं होती, शिकवणारं माणूस नव्हतं. ज्यांना येत होतं ते म्हातारे भिक्खू, ते पोरींना जवळ बसवत नव्हते. मायजवळ बसून मोठमायने हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मले जा लागते, बाई." माय चुलीत फुंकर मारत होती. फुंकणी तोंडाची काढून तिनं एवढंच विचारलं, भाऊजींना सांगितलं का. सांगितलं होतं. मोठेबाबा आमच्या बाबांना अंगणात म्हणाले ते मी ऐकलं. "आणली तवा तिले कोणी पुसलं नव्हतं. आता जातो म्हणते, तं मी कोणत्या तोंडानं नाई म्हणू?" त्यांनीच तिची पेटी माळ्यावरून काढून दिली.

माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. तो त्यांचा सण. त्या दिवशी त्यांचं राज्य उभं राहिलं असं मानतात, सगळे लाल नेसतात. माझ्या नातीनं परवा मला मोबाईलवर दाखवलं. "आजी, पाय, तुया त्या लोकायचा कार्यक्रम." शेकडो पोरी, लाल लुंगी, पांढरं झंपर, मागे तोच झेंडा, तेच पाखरू. कोणी थायलंडमध्ये, कोणी कुठल्या कुठे परक्या गावी, तिथे कामाला गेलेल्या. नाचत होत्या बिचाऱ्या. त्याच मोबाईलवर पुढे तिकडच्या गावांवर विमानातून बॉम्ब पडल्याचं होतं. नात म्हणाली, झालं का गं मग त्यांचं राज्य? मी म्हणाली, चष्मा दे माझा, आणि विषय संपवला. इतकी वर्षं झाली, तोच प्रश्न, तेच उत्तर. कंटाळा येतो गं ऐकायचा. त्यांना किती येत असेल.

तर निघायच्या दिवशी सकाळी मायने ठरवलं की जावेच्या भावाला तसंच जाऊ द्यायचं नाही. पहिल्यांदा आलेला माहेरचा माणूस, त्याला मटण-मासळीचं जेवण घालून लावून द्यायची आमच्यात रीत. आठ दिवस ताप, आज कुठे तोंडाला चव आली होती. मायने मला विचारलं, "जाऊबाईच्या भावाले काय आवडते वो? तुले माहीत असन." मोठमाय तेव्हा पेटी भरत होती. लाल वस्त्र नेसली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला आमची वाटली नाही. मी म्हणाली, तलावातलं बदक. त्यांच्या देशात तेच खातात, मोठमायनंच सांगितलं. माय म्हणाली, जा मग, सोमाकडून घेऊन ये.

सोमा ढिवर तलावावर जाळी टाकायचा. मी त्याला चकवा मागितला. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "जोडीतलं हाये ते, बाई. मांगं राह्यलेलं ओरडते, आयकवत नाई." मी म्हणाली, माय म्हणते. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की मायच म्हणते ना? मी म्हणाली, हो. आता तुम्ही म्हणाल, पंधरा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठून आली. अक्कल नव्हती, हिशोब होता. मला वाटलं, आपल्या झेंड्यावरचं पाखरू ताटात बघून तो माणूस संतापेल, उठून जाईल, आणि ज्या घरात आपलं पाखरू शिजलं, त्या घरची झालेली बहीण त्याला परकी वाटेल, तो तिला सोबत नेणार नाही. किंवा दोघं भांडतील. काहीही होऊन ती थांबेल. याच्यापुढचं मी बघितलं नव्हतं. सोमाने तासाभरानं पाखरू आणून दिलं. मीच ते सांदवाडीत नेऊन सोललं. मायला कापून नुसतं मांस दिलं. आणि पिसं, ती विटकरी पिसं, मी हात धुवायच्या दगडापाशी अशी ठेवली की पाव्हण्याला दिसल्याशिवाय राहू नयेत.

आमच्याकडे आधी माणसांची पंगत, मग बाया. ब्लायमामा हात धुवायला गेला. मी दाराआड उभी. तो वाकला, तांब्या उचलला, आणि थांबला. एक पीस उचलून त्यानं बोटांत फिरवलं. मग वर बघितलं, सरळ माझ्याकडे. मी हलली नाही. त्यानं सगळी पिसं गोळा केली, एक एक, आपल्या झोळीत टाकली, हात धुतले, आणि पाटावर येऊन बसला.

त्यानं खाल्लं. मायने वाढलं ते खाल्लं, आणि ताट पुढे केलं. पुन्हा वाढलं, पुन्हा खाल्लं. बाबांच्या आणि मोठेबाबांच्या ताटात एकेक फोड पडली होती तेवढीच, बाकी सगळं त्यानं मागून घेतलं. भात नको म्हणायचा, रस्सा दाखवायचा. आठ दिवस पेज पिणारा माणूस. त्याच्या कपाळावर घाम आला होता, घास गिळताना मान ताठ व्हायची. शेवटी त्यानं मायकडून भांडंच मागून घेतलं आणि भाकरीच्या तुकड्यानं ते आतून पुसून खाल्लं. माय हरखून गेली. पुढे कितीतरी वर्षं ती सांगायची, असा पाव्हणा पाहिला नाही, भांडं पुसून खाल्लं, जाऊबाईला चाखायलाही ठेवलं नाही. मोठमाय मागून जेवायला बसली तेव्हा तिला भात आणि अंबाडी एवढंच उरलं होतं. ती हसून भावाला काहीतरी म्हणाली, खादाड म्हणाली असावी.

मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं. मी सांदवाडीच्या कुंपणापाशी उभी होती, तो तिथे येऊन ओकला. तोंड धुतलं. मग माझ्याशी बोलला, आठ दिवसांत पहिल्यांदा. "बहन के लिए कुछ नहीं छोड़ा," तो म्हणाला. "उसको मालूम नहीं होगा. तुम भी मत बोलना." मी रडायला लागली. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. "मैंने पहले भी खाया है. जंगल में भूख लगा, तो खाया. हम सब खाया." मग दोन्ही हात कुंपणावर टेकून तो तलावाच्या दिशेनं बघत म्हणाला, "उधर घर नहीं है. माँ भी नहीं है. उसको बोला नहीं अभी. झंडा है, किताब है, घर नहीं है. यहाँ रखो उसको."

तो दुपारीच निघाला, एकटा. बहिणीला त्यानं काय सांगितलं ते मोठेबाबांकडून कळलं, त्यांना मोन भाषा थोडी यायची. म्हणाला, रात्रभर विचार केला, शिकवायला तरुण पोरी मिळाल्या आहेत, तुझं वय झालं, तू आली तर आम्हालाच ओझं होईल. मोठमाय लाल वस्त्रात पेटीवर बसून होती. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तरी ती बसून होती. मग उठली, पेटी उघडली, एक एक कपडा काढून पुन्हा जागेवर ठेवला, आणि साधं लुगडं नेसून संध्याकाळचे तांदूळ निवडायला घेतले. आपल्या माणसांना आपण नको आहोत, असं समजून ती बाई तांदूळ निवडत होती, आणि ज्यांना माहीत होतं त्यातला एक पवनीच्या रस्त्याला लागला होता आणि दुसरी तिच्यासमोर बसून खडे वेचत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाळीवर गेलो. पलीकडच्या काठावर एकच चकवा होता. ओरडत होता, थांबत होता, पुन्हा ओरडत होता. मी म्हणाली, दुसरा उडून गेला असेल कुठे. मोठमाय घराकडे वळली. "चाल," ती म्हणाली, "दिवाबत्ती कराची हाये." त्यानंतर ते पाखरू असेपर्यंत आम्ही पाळीवर गेलो नाही. राखेचं ताटही तिनं पुन्हा काढलं नाही. ब्लायमामाचं काही कळलं नाही, पत्र आलं नाही, आम्हीही कुठे लिहिणार होतो.

आणि मी? मी तिला एवढं करून थांबवली, आणि वर्ष उलटायच्या आत सानगडीचं स्थळ आलं. चांगलं घर, धानाची शेती, कोणी मला विचारलं नाही आणि मीही नाही म्हटलं नाही. पोरीनं जायचंच असतं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण त्या माघात ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठमाय राहील म्हणजे मी आणि ती, दोन चुली, अंबाडी, असंच सगळं राहील असं मी धरून चालली होती.

लग्नात तिनं सगळं केलं. हळद दळली, रुखवत मांडलं, पाव्हण्यांची ताटं उचलली. गाडी जुंपली तेव्हा बायका रडून रडून मोकळ्या होत होत्या. माय तर धरवत नव्हती. मोठमाय मागे उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी पाया पडायला वाकली तर तिनं मला उठवलं, माझ्या पदरात ते पातळ पुस्तक घातलं, त्याच्या पानांत एक विटकरी पीस होतं, एकच, जे वाऱ्यानं उडून सांदवाडीत राहिलं असेल आणि झाडताना तिला सापडलं असेल. तिनं माझा पदर नीट बांधला, गाठ मारली. मग माझ्या कानाशी येऊन, रागानं नाही, अगदी दमलेल्या आवाजात, तिनं विचारलं:

"तू जाऊन राहिली. आता तुले थांबवाले मी कोणतं पाखरू शिजवू, सांग."

गाडीवान बैलांना हाकायला लागला. मी मागे वळून बघितलं नाही. सानगडी येईपर्यंत पदराची गाठ मुठीत धरून बसली होती.